वाऱ्यांचा धडा

७ जानेवारी

प्रिय मामा,

हे पत्र मामी तुला वाचून दाखवेल, म्हणून आधी तिला नमस्कार, मग तुला. तुमच्या खालच्या दुकानात मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "मामा झोपलेत" हेच उत्तर. सकाळी दहाला, दुपारी चारला आणि संध्याकाळी सहालाही झोपलेला माणूस मी तान्ह्या बाळांखेरीज पाहिलेला नाही. असो. पत्राला तसं सांगून परत पाठवता येत नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या शाळेतल्या मुलांना दिसत नाही. त्यांची पुस्तकं मी बनवते. मजकूर ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांना लागणाऱ्या ठिपक्यांत, आणि नकाशे उठावाचे. पुठ्ठ्यावर दोरा, वाळू, कापड चिकटवून मी साचा करते. मशीनमध्ये प्लास्टिकचा कागद तापून त्यावर घट्ट बसतो आणि डोंगर, नद्या, किनारे हाताला लागतात.

आता भूगोलातला 'वारे आणि समुद्रप्रवाह' हा धडा हातात आहे. दरवर्षी तो गाळतात. "ज्यांनी ऊन पाहिलं नाही त्यांना काय सांगायचं?" असं भूगोलाच्या बाईंचं म्हणणं. मला तो गाळायचा नाही. तू सत्तावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलीस, सगळे समुद्र पालथे घातलेस. आणि आता, राग मानू नकोस, तुलाही दिसत नाही, तर माझ्या मुलांच्या हाताला काय लागतं ते तुझी बोटं मला सांगू शकतील. सोबत तीन कागद आहेत. चाचपून बघ. काय कळतं, काय कळत नाही, सगळं सांग. आणि एक प्रश्न आहे. सूर्य एकच, तर पृथ्वीच्या मध्यावर एवढं तापतं आणि दोन टोकांना बर्फ कसा? मुलं पहिल्यांदा हेच विचारतात आणि मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवते. त्यांना ते कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तुझी,
टकळी

२१ जानेवारी

चि. टकळीस आशीर्वाद.

मामा सांगतायत आणि मी, तुझी मामी, लिहून घेतेय.

कागद मिळाले. पहिल्यावर पृथ्वीचा गोल छान लागतो. दुसऱ्यावर समुद्र कुठे संपतो आणि जमीन कुठे लागते ते कळत नाही. समुद्र गुळगुळीत ठेव, जमिनीला वाळू लाव. तिसऱ्यावर बाणच बाण झालेत. भाजी निवडताना देठ टोचावेत तसे टोचतात, आणि वारा कुठला, पाणी कुठलं याचा पत्ता लागत नाही.

सूर्याचं सोपं आहे. पृथ्वी मध्ये फुगलेली आहे. म्हणून मधला भाग सूर्याच्या जवळ. शेगडीजवळ बसलेल्याला धग जास्त, लांब बसलेल्याला कमी. झालं.

मामांची तब्येत उत्तम आहे. जेवण व्यवस्थित, सकाळी गच्चीवर फेऱ्या मारतात. डोळ्यांचं त्यांनी आता मनाला लावून घेणं सोडलंय. काळजी करू नये.

मामा (मामीच्या हातून)

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुला फेऱ्या मारताना डोळ्यांसमोर आणलं आणि मशीन बंद करून आधी आईला फोन केला.

तू सांगितलेलं सगळं केलं. जमिनीला वाळू, समुद्र गुळगुळीत. आणि तुझी शेगडी तर सगळ्यांना आवडली! भूगोलाच्या बाईसुद्धा म्हणाल्या, "असं कुणी सांगितलं असतं तर मलाही भूगोल आवडला असता." मी ते तसंच्या तसं धड्यात घेतलंय: 'जहाजावर सत्तावीस वर्षं काम केलेले आमचे मामा सांगतात, की पृथ्वीचा मधला भाग सूर्याच्या जवळ आहे, म्हणून तिथे जास्त तापते.' तुझा उल्लेख आहे म्हटल्यावर आईने शेजारच्या चार घरांत सांगून टाकलं.

नवे कागद पाठवतेय. एक वाऱ्यांचा, एक प्रवाहांचा. बाण अजून मनासारखे जमलेले नाहीत. मार्चअखेर छपाई आहे.

टकळी

१३ फेब्रुवारी

टकळे,

हे मी स्वतः लिहितोय. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर तुझ्या मामीला बोल लाव, कारण ही वेळ तिने आणलीय.

तुझं पत्र आलं तेव्हा ती कामावर होती. इस्पितळाच्या कपड्यांच्या भांडारात तिची सकाळची पाळी असते. खालचा टेलर पत्र घेऊन वर आला आणि मोठ्या हौसेने वाचू लागला. 'आमचे मामा सांगतात' इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पुढचं ऐकलं आणि खाटेवरून उठलो. मी असलं काही सांगितलेलं नाही. तुझे पहिले कागद मी चाचपलेसुद्धा नव्हते. गच्चीवर गेलेलो नाही. ते पत्र अथपासून इतिपर्यंत तुझ्या मामीचं आहे.

आणि काय लिहिलंय! पृथ्वी सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर. मधला फुगवटा वीसेक किलोमीटर. अर्धा किलोमीटर लांब शेकोटी पेटलीय आणि तू केसाच्या जाडीएवढी पुढे सरकलीस, तर काय घाम फुटेल? हे माझ्या नावावर छापणार? माझ्याबरोबर काम केलेली माणसं अजून जिवंत आहेत.

आता नीट वाच. दुपारी खिडकीत ऊन येतं तिथे उभी राहा. तळहात उन्हाच्या अगदी समोर धर. चांगली धग लागेल. मग तोच हात हळूहळू तिरपा कर, ऊन नुसतं घासून जाईल इतका. सूर्य तेवढाच लांब, ऊन तेच, पण धग गेली. कारण एका पावाला लावायचं लोणी तू आता तीन पावांवर फासलंस. पृथ्वी गोल आहे म्हणून मध्यावर तिचा हात उन्हासमोर असतो आणि टोकांना तिरपा. हे सांगायला डोळे लागत नाहीत. मी आत्ता खिडकीत उभा राहून करून पाहिलंय. दोनदा.

प्रवाहांचा कागदही पाहिला. बाण चुकलेत. तुला वाटतं आम्ही जहाजावर उभे राहून समुद्र बघत होतो. इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते. लोखंड, दिवे आणि आवाज, बस. पण इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, आणि त्या पाइपावर हात ठेवायची मला सवय होती. दर पाळीला त्याचं तापमान लिहायचं असतं. आकडा बघायच्या आधी मला हाताला कळायचं. एकदा सकाळी पाइप गारढोण होता. चहा पिऊन आलो, हात ठेवला, तर कोमट. मी वर कळवलं, "उबदार प्रवाहात शिरलो आपण." वरचा अधिकारी म्हणाला, "तुला खाली बसून काय कळतं?" थोड्या वेळाने त्याचाच निरोप आला, की नकाशाप्रमाणे बरोबर आहे.

लिहिता लिहिता लक्षात येतंय, समुद्र मी सगळा हातानेच ओळखला.

शेगडी काढून टाक. ताबडतोब.

मामा

(पाकिटावरचा पत्ता टेलरने लिहिलाय.)

१३ फेब्रुवारी

टकळे, बाळा,

मामांचं पाकीट तुला मिळेलच. हे त्याच्या पाठोपाठ माझं.

खोटं लिहिलं. चुकलंच. सप्टेंबरापासून हे खोलीबाहेर पडलेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. फोनवर "झोपलेत" हे मीच सांगायला लावायची. तुझे कागद आले ते मी मोठ्या आशेने हातात दिले, तर भिरकावून दिले. "मला आता शाळेत घालताय का?" म्हणाले. तुझं काम अडू नये म्हणून मी डोळ्यांना फडकं बांधून स्वयंपाकघरात बसले आणि चाचपून जे कळलं ते लिहिलं. शेगडीचं मात्र माझ्या डोक्यातून आलं. मला वाटलं, बरोबरच असणार. भूगोलात मी काठावर पास झालेली.

आज कामावरून आले तर जिन्यातच आवाज ऐकू आला. टेलरने शिवणयंत्र थांबवलं होतं. पाच महिन्यांत घरात चमचा पडल्याचाही मोठा आवाज नव्हता, आणि हे गरजत होते, "वीस किलोमीटर! वीस!" मी दाराशी उभी राहून रडत होते. त्यांना वाटलं हसतेय, म्हणून आणखी भडकले.

माझ्याशी बोलत नाहीयेत. पण दुपारी स्वतः उठून खिडकी उघडली. तू अजून दहा चुका काढून पाठव गं.

मामी

२४ फेब्रुवारी

प्रिय मामा आणि मामी,

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. आधी मामाचं वाचलं आणि लाज वाटली, कारण शेगडी छापायला मी एका पायावर तयार होते. मग मामीचं वाचलं. त्याबद्दल काही लिहीत नाही, भेटल्यावर गळ्यातच पडेन.

शेगडी काढली. मुलांना पटांगणात नेऊन हात तिरपे करायला लावले. एक मुलगा म्हणाला, "ऊन घसरतंय." मामा, हे वाक्य तुझ्याच नावावर जायला हवं.

आता मीही एक लपवलेलं सांगते. हा धडा छापायचं अजून पक्कं नाही. मुख्याध्यापिका पंचवीस मार्चला वर्गात बसणार आहेत. धडा शिकवल्यावर त्या मुलांना प्रश्न विचारतील. मुलांना कळला असेल तर छापायचा, नाहीतर साचे माळ्यावर. तुझ्यावर ओझं नको म्हणून लिहिलं नव्हतं. पण आता तूच माझ्यावर ओरडतोस, तर विचारायला काय जातं? मामा, तो धडा तू येऊन शिकव. मला वारे अजूनही कळलेले नाहीत. सरळ निघालेला वारा वाकडा का जातो?

टकळी

८ मार्च

टकळे,

येणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे बाकीचं पत्र तू नीट वाचशील. दहा तासांची गाडी, अनोळखी जिने, अनोळखी न्हाणीघर. दिसत होतं तेव्हा मी कुणाचा हात धरून चाललो नाही, आणि अनोळखी मुलांसमोर धडपडायला मला जमणार नाही. त्यापेक्षा लिहून पाठवतो, तू वाचून दाखव.

वारा असा. स्वयंपाकघरात शेगडी पेटव आणि दार थोडं उघडं ठेव. फटीतून घोट्यांना गार झुळूक लागेल, आणि हात उंच केलास तर वर गरम हवा. तापलेली हवा हलकी होऊन वर गेली, तिच्या जागी खालून गार आली. पृथ्वीवर मधला पट्टा तापतो, तिथली हवा वर चढते, वरच्या वर दोन्ही टोकांच्या दिशेने निघते, वाटेत गार होऊन खाली उतरते, आणि त्यातली बरीच जमिनीलगत परत मध्याकडे येते. तेच मोठे वारे. म्हणजे मामीची शेगडी सूर्यासाठी चुकीची होती, पण वाऱ्यासाठी अगदी बरोबर आहे. हे तिला मी सांगितलं. आता आम्ही बोलतो.

वाकडेपणाचं टेलरकडे सापडलं. कापडावर खुणा करायचं त्याचं दातेरी चाक असतं ना, कागदावर फिरवलं की मागून ठिपक्यांची रेघ उठते. त्याच्या फिरत्या स्टुलावर आम्ही कागद लावला. तो स्टूल फिरवत होता, मी चाक मधून कडेला सरळ ओढलं. अगदी सरळ, टेलर साक्षीला आहे. कागद उचलून, न उलटता, खालून चाचपला तर रेघ वाकलेली. स्टूल डावीकडे फिरवलं की रेघ उजवीकडे वळते, उजवीकडे फिरवलं की डावीकडे. खालची पृथ्वी फिरते म्हणून वाऱ्याची वाट वळते, उत्तरेत उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. सकाळभर आम्ही तेच करत होतो. एका गिऱ्हाईकाचा सदरा राहिला.

बाण सगळे काढ. वाऱ्यांना या चाकाची ठिपक्यांची रेघ, प्रवाहांना जाड दोरा. म्हणजे बोट चुकणार नाही. आणि दोरा रेघेच्या आसपासच जाऊ दे, कारण वरच्या पाण्याला वाराच ओढतो. किनारा आडवा आला की पाणी वळतं आणि मोठं चक्कर मारतं. मध्यावरची ऊब थंड भागाकडे नेतं, तिकडचा गारवा इकडे आणतं.

मामा

ता. क. हे मामीचं, त्यांना माहीत नाही. पत्र टाकायला मी नेतेय म्हणून खाली लिहिते. काल त्यांनी टेलरला विचारलं, पँट कमरेत सैल झालीय, आवळून मिळेल का? घरात बसून राहायचं असलेला माणूस पँटची चौकशी करत नाही. मी तिकिटं काढतेय. तू मात्र आग्रह करू नकोस, बिथरतील.

२८ मार्च

प्रिय मामी,

तू त्याला इथे आणून सोडलंस आणि लगेच पुढच्या गाडीने पाळीवर परतलीस, म्हणून सगळं सांगते. फोनवर मावणार नाही.

मामा वर्गात उभा राहिला. चौदा मुलं, मुख्याध्यापिका, भूगोलाच्या बाई, आणि मामा टेबलाची कड घट्ट धरून. मला वाटलं, आता म्हणेल, घरी ने. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी, दहा वर्षांची, जन्मापासून दिसत नाही तिला, तिने विचारलं, "तुम्हाला खरंच दिसत नाही, की आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"खरंच नाही."

"कधीपासून?"

"पुरतं गेलं त्याला दीड वर्ष झालं."

"हात्तिच्या! म्हणजे तुम्ही अजून नवीन आहात," ती म्हणाली. "जमेल हळूहळू. आम्ही सांगू तुम्हाला."

वर्ग हसला. आणि मामी, मामा हसला. टेबल सोडलं त्याने.

मग तो अडीच तास थांबलाच नाही. पटांगणात तळहात झाले, फिरत्या स्टुलावर प्रत्येकाने रेघ ओढली, मोठ्या टबात एका बाजूला बर्फाचा लगदा आणि दुसऱ्या बाजूला गरम पाण्याची बंद पिशवी ठेवून सगळ्यांचे हात बुडवले. बर्फाकडचं पाणी जड होऊन तळाशी उतरतं आणि तळातून सरपटत येतं, ते मुलांना खाली धरलेल्या बोटांना लागलं. "आलं, आलं!" असा ओरडा झाला. माझे नवे नकाशे त्यानंतर दिले. ठिपक्यांच्या रेघेवरून वारा, दोऱ्यावरून पाणी. कुणाचंही बोट चुकलं नाही.

मुख्याध्यापिकांनी त्या मुलीलाच उठवलं. ती म्हणाली, "मध्ये ऊन सरळ पडतं, कडेला घसरतं. म्हणून मधली हवा आणि पाणी जास्त तापतं. मग ते आपली ऊब घेऊन गारठलेल्यांकडे निघतात आणि तिकडचं गार इकडे येतं. पृथ्वी फिरते म्हणून वाट वळते." मग मामाकडे तोंड करून, "पण वारा थांबणार कधी?"

मामा म्हणाला, "सगळीकडे सारखं तापेल तेव्हा."

"म्हणजे कधीच नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

धडा छापायला गेला. मुख्याध्यापिकांनी मामाला सत्र संपेपर्यंत राहायला सांगितलंय. तो "बघू" म्हणाला आणि संध्याकाळी दुसरीच्या मुलांच्या रांगेत ब्रेल शिकायला बसला. सगळ्यांत हळू तोच आहे. मुलं त्याला मुळीच सांभाळून घेत नाहीत.

तू आता एकटी असशील. ठिपके पाडायची पाटी, दाभण आणि अक्षरांचा तक्ता पाठवतेय. वेळ जाईल.

टकळी

१९ एप्रिल

(ब्रेलमध्ये)

अहो,

हे मी दाभणाने टोचून लिहिलंय. उजवीकडून डावीकडे आणि सगळं उलटं टोचायचं, म्हणजे कागद पालटल्यावर सुलटं लागतं. डोकं भणभणतं. चुका असतील.

कुणालाही वाचायला देऊ नका. टकळीलासुद्धा नाही.

तुम्ही जहाजावर होता तेव्हा तुमचं पत्र आधी मामंजी वाचायचे, मग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे, मग नणंदा, आणि मग ते माझ्या हातात यायचं. मी लिहिलेलंही पाकिटात घालण्याआधी घरभर फिरायचं. म्हणून मी पाऊसपाणी आणि तब्येती लिहायची. नंतर तुमचे डोळे गेले आणि तुमची सगळी पत्रं वाचायची वेळ माझ्यावर आली. लग्नाला एकतीस वर्षं झाली. तुम्ही एकट्यानेच वाचायचं असं माझं हे पहिलं पत्र.

मला तुमच्याशिवाय करमत नाही.

हे वाक्य टोचायला पाव तास लागला. तोंडाने सांगायला क्षण लागला असता, तेव्हा सांगितलं नाही. जहाजावर निघताना प्रत्येक वेळी दाराशी उभी राहून मी डबा नीट ठेवलाय का एवढंच विचारायची.

मला पाच मेपासून रजा मिळालीय. येऊ का?

मी

२७ एप्रिल

(ब्रेलमध्ये)

अगं,

पत्र मिळालं. पटांगणातल्या बाकावर बसून वाचलं, दुपारभर लागली. तीन मुलं येऊन म्हणाली, "आम्ही वाचून देतो, पटकन होईल." हाकलून दिली त्यांना. करमत नाही हे तू 'करपत नाही' असं टोचलंस. आधी वाटलं स्वयंपाकाचं काही असेल. पुन्हा बोट फिरवलं, मग कळलं. मग तिथूनच बरेचदा फिरवलं.

मलाही नाही करमत. बोटीवरही नाही करमायचं. पत्रात लिहायचो नाही, कारण माझं पत्र बाबा वाचणार हे मलाही माहीत होतं.

पाच तारखेच्या सकाळच्या गाडीने ये. टकळी येणार नाही, मी येतो. एकटाच. काठीने शाळेपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता चार वेळा करून पाहिलाय. एकदा भाजीवाल्याच्या टोपलीत पाय गेला, तो म्हणाला, "असू द्या." मी म्हटलं, "असू द्या काय, किती टोमॅटो गेले ते सांगा." तर तो हसला. एवढंच झालं.

फलाटावर उतरलीस की जागची हलू नकोस. मला शोधायला धावू नकोस, गर्दीत चुकामूक होईल. उभी राहा आणि हाक मार, आवाजावर मी येतो. फक्त 'अहो' म्हणू नकोस. 'अहो' म्हटलंस तर फलाटावरचे दहा नवरे वळून बघतील आणि मी कुणाच्या तरी बायकोकडे जाऊन उभा राहीन.

माझ्या नावाने हाक मार. मोठ्याने मार. लाजू नकोस, मला दिसणार नाही.